वर्णन छान आहे, विश्लेषण कुठे आहे?

पत्र : सर, मी माध्यम अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी एका म्युझिक व्हिडिओचं विश्लेषण करायचं होतं. आवडत्या गायिकेचा व्हिडिओ घेतला, बारा पानं लिहिली. मॅडमनी परत दिली. समासात शेरा आहे, 'वर्णन छान आहे, विश्लेषण कुठे आहे?' पानं सोबत पाठवतेय. घरी बाबा विचारतात, गाणी बघून पोट भरणार का? आता मलाही शंका यायला लागली आहे. विषय बदलू का?

उत्तर :

इतक्यात बदलू नकोस. तुझी बारा पानं वाचली, व्हिडिओही पाहिला. मॅडमचं म्हणणं मला पटलं, पण तू हुकलीस ती अगदी थोडक्यात.

चौथ्या पानावर तू लिहितेस, 'दुसऱ्या कडव्यात गायिका जिना उतरते. निळसर प्रकाश आहे. वातावरण उदास वाटतं.' हे तर बघणाऱ्या कुणालाही दिसतं, त्यासाठी तू कशाला हवीस? राग मानू नकोस, कारण थांबायला हवं होतं ती जागा नेमकी हीच आहे. मी मोजून पाहिलं. पहिल्या कडव्यात दर दीड-दोन सेकंदांना कट आहे, म्हणजे एक शॉट संपून दुसरा लागतो. ती जिना उतरायला लागते आणि पुढचे ११ सेकंद एकही कट नाही. त्याच क्षणी ड्रम थांबतात. शिवाय गाणं चालू असताना तिचे ओठ मिटलेले आहेत! तोवर ती कुणाला तरी गाऊन सांगत होती, इथून पुढे ते तिच्या मनात चाललंय. हे काम निळ्या प्रकाशाचं नाही, मिटलेल्या ओठांचं आहे. शेवटच्या ध्रुवपदात ओठ पुन्हा हलतात, पण तेव्हा ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. का? त्या 'का'वर चार पानं लिही, बाकीची आठ फाडून टाकलीस तरी चालेल.

हे दिसायला तीन सवयी लागतात. एकदा आवाज बंद करून बघायचं, एकदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकायचं. तिसरी मजेची आहे : त्याच चित्रांवर भलतंच गाणं लावायचं. मिशेल शियों हे फ्रेंच अभ्यासक या प्रयोगाला 'जबरदस्तीचं लग्न' म्हणतात. भलत्या गाण्यावरही काही कट चपखल बसतात आणि काही एकदम उघडे पडतात. मूळ संगीत चित्राला काय देत होतं, ते या उघड्या पडलेल्या जागी कळतं.

मग तक्ता कर. शॉट किती सेकंदांचा, कॅमेरा किती जवळ, ओठ हलतात का, कट ठेक्यावर पडतो की ठेका चुकवून. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके असेल तर दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या (सुट्या चित्रांच्या) हिशेबात १२ फ्रेम. एखादा कट ठोक्याच्या दोन-तीन फ्रेम आधी पडला, तर तो चुकून पडलाय की संकलकाने मुद्दाम ओढलाय, हे तेवढ्या एका कटावरून ठरवू नकोस. पाच ठिकाणी तसंच दिसलं तर मुद्दाम आहे असं धरून चाल.

सातव्या पानावर 'स्वप्नवत वाटतं' असं लिहून तू पुढे गेलीस. का वाटतं? सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, गायिका त्या वेगाला ओठ हलवते, कॅमेरा सेकंदाला ४८ फ्रेम टिपतो आणि पडद्यावर ते २४ च्या वेगाने दिसतं. ओठ गाण्याशी बरोबर जुळतात, पण केस आणि कपडे पाण्यात असल्यासारखे हलतात. तिच्यापुरता काळ वेगळा चालतो. तुझ्या 'स्वप्नवत'मागे ही युक्ती असते.

सिद्धान्ताची दोन पानं तू वेगळी जोडली आहेस, ती तशीच लोंबकळत राहतात. म्युझिक व्हिडिओचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ मध्ये मांडलेली विभागणी घे : चित्र कधी शब्दांचंच दर्शन घडवतं, कधी त्यात भर घालतं, कधी शब्दांशी फारकत घेतं. तुझा व्हिडिओ पहिल्या प्रकारातून तिसऱ्यात जातो, आणि तो जातो त्या जिन्यावर. तिथे गुडविन कामाला येतात. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही जरा जपून वापर. त्यांचा १९७५ चा पुरुषी नजरेवरचा, म्हणजे पडदा बाईला पुरुषाच्या नजरेतून दाखवतो हे सांगणारा निबंध हॉलिवूडच्या कथापटांबद्दल आहे, आणि त्या पटांत पात्र सहसा कॅमेऱ्यात बघत नाही. तुझी गायिका थेट डोळ्यांत बघते. म्हणून सिद्धान्त मोडीत निघत नाही, पण जसाच्या तसा चिकटवताही येत नाही.

आणखी एक. एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं हे लिहिलंस, पण त्याचं पुढे काहीच केलं नाहीस. सुरुवातीपासून या वाहिनीला व्हिडिओ पुरवत होत्या त्या रेकॉर्ड कंपन्या, स्वतःच्या प्रसिद्धीसाठी. म्युझिक व्हिडिओ कलाकृती असतो तशी जाहिरातही असते. गायिकेचे इतके क्लोज-अप का, याचं उत्तर कधी कधी भावनेत नसतं, चेहरा विकायचा असतो. दोन्ही शक्यता मांड आणि कुठली का पटते ते सांग.

आता बाबांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. नुसतं विश्लेषण येतं म्हणून कुणी नोकरी देत नाही. डेव्हिड फिंचर, स्पाइक जोन्झ, मिशेल गोंद्री हे दिग्दर्शक म्युझिक व्हिडिओंतून चित्रपटांकडे गेले, पण ते व्हिडिओ बनवत होते. त्यांची नावं बाबांना सांगू नकोस, उपयोग व्हायचा नाही. संकलन शीक. अकरा सेकंद कट का करायचा नाही, हे ज्याला सांगता येतं तो सहायक संकलक बटणं दाबणाऱ्यापेक्षा वेगळा दिसतो. प्रोमो आणि ट्रेलर कापणं, मालिका-चित्रपटांसाठी गाणी निवडणं, दिग्दर्शकांनी पाठवलेल्या 'ट्रीटमेंट' (व्हिडिओ कसा करणार याचे लेखी आराखडे) वाचून कुणाला काम द्यायचं ते रेकॉर्ड कंपनीच्या वतीने ठरवणं, या सगळ्या कामांत तुझा तक्ता वेगळ्या नावाने पुन्हा भेटतो. लेखन आणि अध्यापन या वाटाही आहेत, पण तिथे जम बसायला वेळ लागतो.

पहिल्या ४० सेकंदांचा तक्ता कर आणि मॅडमना दाखव. त्यानंतरही कंटाळा येत असेल तर विषय बदलण्याबद्दल बोलू. आणि हो, पुढच्या वेळी आवडत्या गायिकेचा व्हिडिओ घेऊ नकोस, न आवडणाऱ्या गाण्यात कट लवकर दिसतात.