नवरा-बायकोचं नातं किती निरोगी आहे, हे नाशिक जिल्ह्यात मोजायचं कसं?

तुमचा प्रश्न असा: समाजकार्याच्या प्रबंधासाठी नाशिक शहर आणि निफाड-दिंडोरीतल्या जोडप्यांचं नातं मोजायचंय, तर इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी भाषांतर वापरलं तर चालेल का?

नुसतं भाषांतर नाही चालणार. उदाहरण म्हणून स्पॅनिअरची १९७६ सालची 'डायॅडिक अ‍ॅडजस्टमेंट स्केल', म्हणजे जोडप्याचं एकमेकांशी किती जुळतं हे मोजणारी प्रश्नावली, बघा. ३२ प्रश्न, गुण ० ते १५१. घटस्फोटाचा विषय किती वेळा निघतो, भांडणानंतर कोणी घराबाहेर निघून जातं का, हे त्यात विचारलंय. आपल्याकडे घटस्फोटाचं नावही न काढता वर्षानुवर्षं अबोला धरून राहणारी जोडपी असतात; त्यांना तिथे फुकटचे गुण मिळतात. आणि आई-वडील, सासू-सासरे यांच्याशी कसं वागायचं, यावर जेमतेम एक प्रश्न!

म्हणून आधी १५-२० बायका आणि तितकेच पुरुष वेगवेगळे गाठा. त्यांना स्वतःबद्दल विचारू नका. 'ओळखीतलं एखादं जोडपं नीट नांदतंय, हे तुम्ही कशावरून म्हणता?' एवढंच विचारा, नावं लिहून घेऊ नका. माहेरी जायचं म्हटलं की कुरकुर होते का, द्राक्षाचे पैसे किती आले हे तिला कळतं का, ती आजारी पडली तर तो स्वतः दवाखान्यात नेतो का, चारचौघांत अपमान करतो का, अशा खुणा मिळतील. जी खूण अनेकांच्या तोंडी येईल, तिचा प्रश्न करा.

प्रश्न 'गेल्या चार आठवड्यांत किती वेळा' असा हवा. 'सहमत-असहमत' दिलंत की लोक 'बरंय की' म्हणून मधल्या खान्यात जाऊन बसतात. 'मला भीती वाटत नाही' असली नकारार्थी वाक्यं तोंडी विचारली की 'हो' म्हणजे नक्की काय, हे कोणालाच कळत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसमोर दहा शेंगदाणे ठेवा आणि हवे तितके बाजूला काढायला सांगा. सुरगाणा-पेठहून बागेत मजुरीला आलेल्या कुटुंबांशी त्यांची बोली जाणणाराच बोलू दे.

हंगाम बघा. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीत किंवा माल काढणीत 'दोघं निवांत किती बोललात' विचारलं, तर उत्तर नात्याचं नसतं, बागेचं असतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांची कोणती शिफ्ट चालू आहे, हेही टिपून ठेवा.

सगळ्यात जास्त आकडे कुठे बिघडतात? घरात बसून विचारल्यावर. दाराआड सासू लसूण सोलत बसली असेल तर सून प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी पाच देणार. अंगणवाडी किंवा उपकेंद्रात, एकटीला विचारा. नवऱ्याची मुलाखत वेगळी घ्या आणि दोघांच्या गुणांची सरासरी काढू नका. तिचे १२ आणि त्याचे ३८ असतील तर ती तफावत हाच तुमचा निष्कर्ष.

मारहाण, धमकी, पैसे अडवणं यांचे प्रश्न समाधानाच्या बेरजेत मिसळू नका. 'नवरा चांगलाय' म्हणणारी बाईही त्याला घाबरून असू शकते, आणि बेरजेत ती भीती बुडून जाते. हा भाग फक्त तिलाच विचारा. त्याच घरातल्या पुरुषाला हे प्रश्न विचारले की तिनं काय सांगितलं असेल याचा त्याला अंदाज येतो. मध्येच कोणी आलं तर लसीकरणाची प्रश्नावली वर काढा. महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर तोंडी सांगा. चिठ्ठी घरी सापडली तर तिचेच हाल.

तयार प्रश्नावलीतलं काही घेतलंत तर परवानगी मागा, दोघांकडून वेगवेगळं भाषांतर आणि मग तिसऱ्याकडून मराठीतून परत इंग्रजीत उलट भाषांतर करून घ्या, ३०-४० जणांवर तपासा. मात्र तिकडची सीमारेषा उचलू नका. 'कपल्स सॅटिस्फॅक्शन इंडेक्स' या जोडप्याचं समाधान मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या चार प्रश्नी आवृत्तीत १३.५ च्या खाली म्हणजे असमाधान धरतात, पण ती रेषा अमेरिकेतल्या जोडप्यांवरून ठरलीय. तुमच्याकडे तशी माहिती नसेल तर 'निरोगी-आजारी' असे शिक्के मारू नका, नुसते गुण मांडा.