मुंबई ते न्यूयॉर्क साडेपाच तासात?

प्रश्न : मी कोथरूडला राहते, वय 67. लेकीकडे न्यूयॉर्कला पहिल्यांदाच एकटी चाललीये. तिकिटावर लिहिलंय की 12 जानेवारीला रात्री 2 ला मुंबईहून निघणार आणि त्याच दिवशी सकाळी 7.30 ला पोचणार. फेब्रुवारीत येताना मात्र तिकडून सकाळी 11 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला मुंबई. म्हणजे जायला साडेपाच तास आणि यायला पंचवीस? लेक तर म्हणते सोळा तास बसायचंय. खरं काय?

उत्तर : काकू, तिकीटही बरोबर आणि लेकही बरोबर. तिकिटावर निघायची वेळ निघतो त्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचतो त्या गावची, आणि थंडीत न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तिकडे सकाळचे 7.30 वाजतात तेव्हा कोथरूडला संध्याकाळचे 6 वाजलेले असतात, म्हणजे रात्री 2 पासून मोजले तर झाले की सोळा तास. येताना हेच साडेदहा पंचवीसमधून वजा करा, साडेचौदा उरतात.

आता येताना दीड तास कमी का, अंतर तर तेवढंच, साधारण 12,500 किलोमीटर. तर दहा-एक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत तर तो ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीशी असतो, सायकल चालवलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आणि सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान सरळ पश्चिमेला न जाता वर उत्तरेकडे वळलेलं दिसलं तर घाबरू नका. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, तो अरबस्तान-आफ्रिकेवरून जातच नाही, नॉर्वे आणि आइसलँडच्या बाजूनी जातो, सगळ्यात जवळचा रस्ता तोच. युद्ध, बंद हवाई हद्द, वारा बघून विमानं थोडी इकडेतिकडे होतात, पण वळण साधारण तसंच दिसतं.

मला खरी काळजी वेगळीच वाटते, तुमच्या तारखेची. 12 तारखेचे रात्री 2 म्हणजे 11 तारखेची रात्र! आमच्या ओळखीतल्या एक मावशी 12 ला संध्याकाळी बॅगा घेऊन एअरपोर्टवर गेल्या होत्या, विमान आदल्या रात्रीच गेलेलं, नवं तिकीट काढावं लागलं आणि त्या तिथेच रडायला लागल्या. म्हणून कॅलेंडरवर 11 तारखेलाच गोल करा. रात्री 11 पर्यंत एअरपोर्टच्या आत असायला हवं, कोथरूड ते मुंबई एअरपोर्ट दीडशे किलोमीटर, एरवी साडेतीन-चार तास, पण खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की काही खरं नाही. कॅबवाल्याला दुपारी 4.30 ला बोलवा, आणि रात्रीचा डबा घरूनच न्या.