बागेचा सल्ला : जांभळ्या पानांचे प्लम

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहतो. घरासमोरच्या फुटपाथवरील झाड फेब्रुवारीत पाने येण्याआधीच फिक्या गुलाबी फुलांनी भरते आणि नंतर त्याला गडद जांभळी पाने येतात. शेजारी त्याला चेरी म्हणतात, पण उन्हाळ्यात खाली लहान, लालसर फळे पडतात. यंदा बुंध्यापासून हिरव्या पानांचे फुटवे आले आहेत. हे झाड कोणते? असेच एक परसात आणि एक पुण्याला आईवडिलांकडे लावता येईल का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून हे झाड शोभेचे प्लम, म्हणजे प्रुनस सेरासिफेरा या जातीचा जांभळ्या पानांचा प्रकार दिसतो. इराणच्या शहाच्या पदरी असलेले फ्रेंच माळी पिसार यांनी 1880च्या सुमारास तो फ्रान्सला पाठवला, म्हणून मूळ वाणाला ‘पिसार्डी’ म्हणतात. चेरीची शंका फुलांवरून फेडावी. चेरीत एकाच कळीतून लांब देठांच्या फुलांचा झुबका येतो, पाकळीच्या टोकाला बहुधा खाच असते आणि खोडावर ठळक आडव्या रेषा असतात. या प्लमची फुले मात्र बहुतेक एकेकटी येतात आणि पाकळ्या गोलसर असतात. वाण ओळखणे त्याहून अवघड आहे. ‘पिसार्डी’ची कळी गुलाबी असली तरी फूल जवळजवळ पांढरे उमलते, ‘निग्रा’चे गुलाबीच राहते, तर ‘ब्लिरियाना’ची फुले दुहेरी पाकळ्यांची व सुगंधी असतात. फिकी गुलाबी फुले आणि थोडी फळे यांवरून आपले झाड ‘थंडरक्लाउड’ असावे, असा माझा कयास आहे. केवळ वर्णनावरून याहून ठाम बोलू नये. फळांचा गर खाण्याजोगा असतो व त्याचा जॅमही होतो, मात्र बिया चावू नयेत.

हिरवे फुटवे हा रोग नव्हे. ही झाडे बहुधा हिरव्या पानांच्या खुंटावर (मुळे असलेल्या खालच्या झाडावर) कलम केलेली असतात आणि तो खुंटच कलमाच्या सांध्याखालून फुटतो. त्याला मोकळे सोडले, तर जोमाने वाढून तो वरच्या कलमाला दाबून टाकतो, म्हणून फुटवे कोवळे असतानाच माती बाजूला सारून मुळापासून ओढून काढावेत. नुसते कापल्यास ते पुन्हा फुटतात. फुटपाथवरील झाडाच्या छाटणीला मात्र आपल्या शहरात पालिकेचा परवाना लागतो.

परसात लावायचे असल्यास, पदपथावर फळांचा चिखल नको असणाऱ्यांसाठी ‘क्राउटर व्हेसुव्हियस’ हे जवळजवळ न फळणारे, अतिशय गडद पानांचे कलम उत्तम. त्याला दिवसभर ऊन व पाण्याचा चांगला निचरा हवा, कारण सावलीत पाने हिरवट पडतात आणि पाणी साचले की मुळे कुजतात. सांधा मातीच्या वर ठेवावा. फुले मागील हंगामाच्या फांद्यांवर येत असल्याने छाटणी बहर संपताच करावी. हिवाळ्यात छाटल्यास बहरच कापला जातो. झाड फार दीर्घायुषी नसते, हे आधीच धरून चालावे.

पुण्याचा विचार सोडावा. या झाडाला फुलण्यासाठी हिवाळ्यात कित्येक आठवड्यांची थंडी लागते आणि ती पुण्यात मिळत नाही. शिवाय आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र यांवाचून रोपे, काड्या किंवा बिया भारतात नेता येत नाहीत.