यॉर्कला पहिल्यांदा जाताय? इंजिन उलटं करून बघा

मुलीकडे न्यू जर्सीला जाताय, ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातला यॉर्कचा खेळण्यातल्या ट्रेनांचा मेळा गाठायचाय, ठाण्याच्या घरी दोन रुळांवर चालणारी एचओ मापाची मॉडेल ट्रेन मांडलेली आहे, आणि तिथून काय आणावं नि फसू नये म्हणून काय बघावं असं तुम्ही विचारलंय. मी दोनदा जाऊन आलोय, तेव्हा हाताने जे शिकलो तेच लिहितो.

पहिली गोष्ट, यॉर्क हे मुख्यतः ओ गेजचं, म्हणजे तुमच्यापेक्षा मोठ्या मापाच्या गाड्यांचं गाव. ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनचा ईस्टर्न डिव्हिजन एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या फेअरग्राउंड्सवर हा मेळा भरवतो, आणि टेबलांवर राज्य असतं लायनेल या अमेरिकन खेळणी-ट्रेन कंपनीचं. तीन रूळ, मधल्या रुळातून एसी करंट. तुमची एचओ खऱ्या गाडीच्या १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिमी. त्यांची ओ १:४८, अंतर ३२ मिमी. म्हणजे घरच्या रुळांवर धावेल असं फार थोडं सापडेल. तरी जाच. हॉलामागून हॉल गाड्याच गाड्या, आणि प्रत्येक टेबलामागे आपल्या मालावर तासभर बोलायला तयार असलेला माणूस. असं वातावरण मी मुंबईत कधी अनुभवलं नाही.

पहिल्या दिवशी पाकीट बंद ठेवा. हे कळकळीने सांगतोय, कारण मी ठेवलं नव्हतं. आत शिरल्यावर अर्ध्या तासात मला सांता फे या अमेरिकन रेल्वेच्या लाल-चंदेरी रंगातलं एफ-३ डिझेल इंजिन दिसलं, लायनेलचं २३४३, १९५० च्या सुमाराचं. लहानपणी रद्दीतल्या एका मासिकात त्याचा फोटो पाहिला होता. वरून रंग सुरेख, एक ओरखडा नाही. घेतलं. रात्री खोलीवर येऊन खोळ काढली तर आतलं सगळं पांढरं-हिरवं. त्या इंजिनाचा हॉर्न आत बसवलेल्या सेलवर वाजतो, टॉर्चला लागतो तसला जाडा सेल. कोणीतरी तो वर्षानुवर्षं आतच ठेवला होता. तो फुटला, गळला आणि त्याने खालची फ्रेम खाल्ली. विकणारे गृहस्थ खोटं बोलले नव्हते. मी खोळ काढून दाखवा म्हटलंच नव्हतं.

म्हणून आधी विचारा, मग हात लावा, आणि परवानगी मिळाली की इंजिन उलटं करून नीट बघा. विचारल्याशिवाय उचललेलं कोणालाच आवडत नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीचा माल असेल तर चाकांवर टॉर्च मारा. त्या काळच्या जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलेलं असलं की धातू आतून फुगतो आणि बारीक भेगा पडतात. त्यावर दुरुस्ती नाही, तो भाग बदलावाच लागतो. भाग आणि खोकी ओरिजिनल की रिप्रॉडक्शन, हेही स्पष्ट विचारा. प्रामाणिक विक्रेता लगेच सांगतो.

चिठ्ठीवर ‘एक्सलंट’ किंवा ‘लाइक न्यू’ लिहिलेलं असेल. ही असोसिएशनने ठरवलेली प्रतवारी फक्त बाहेरच्या दिसण्याची असते, चालण्याची नव्हे. तेव्हा टेस्ट ट्रॅक कुठे आहे ते विचारा आणि चालवून बघा. करंट तोडून पुन्हा दिला की जुनं लायनेल पुढे, मग थांबलेलं, मग मागे, अशा क्रमाने जातं. आतून घूं घूं आवाज येतो तो दिशा बदलणाऱ्या रिव्हर्सिंग युनिटचा, त्याने घाबरू नका.

घासाघीस करा, पण अर्ध्या किमतीपासून सुरुवात करू नका. तिथे तो अपमान समजतात. रोख जवळ असू द्या आणि बिल मागून घ्या, विमानतळावर कस्टमला दाखवता येतं.

मग आणावं काय? माझ्या मते युद्धानंतरचं एक लहान इंजिन, दोन-तीन डबे, आणि ओ-३१ चे रूळ. ओ-३१ म्हणजे ३१ इंच व्यासाचं वर्तुळ. आपल्या ३ फुटी दिवाणाखाली ते अख्खं मावतं. मेळ्यात दिसणाऱ्या भल्यामोठ्या स्केल इंजिनांचा, म्हणजे खऱ्याच्या अचूक प्रमाणात बनवलेल्यांचा, मोह होईल, पण त्यांतल्या बऱ्याच जणांना ओ-७२ लागतो, म्हणजे ६ फूट. आपल्या हॉलमध्ये मग माणसांनी बसायचं कुठे?

जुना ट्रान्सफॉर्मर मात्र आणू नका. लायनेलचा झेडडब्ल्यू दिसायला राजबिंडा आहे, पण तो ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनलेला. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेप-डाउन लावला तरी हर्ट्झ बदलत नाहीत आणि तो जास्त तापतो. त्यात जुन्या वायरीचं रबर तडकलेलं असतं. इथल्या एखाद्या चांगल्या वाइंडरकडून, म्हणजे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्याकडून, २३० व्होल्टचा, १८ व्होल्टपर्यंत एसी देणारा, फ्यूज असलेला बनवून घ्या. माझी गाडी तशीच चालते.

आणि जूनच्या आधी डबे टिनाचे असोत की प्लास्टिकचे, चाकांच्या आसाला पातळ तेलाचा हात फिरवून सिलिका जेलसकट हवाबंद पेटीत घाला. चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या कडेला तेल नको.