ल्युपस असलेल्या बाईच्या घरात बाळाला कांजण्यांची लस द्यावी का?

द्या. उद्याच द्या, आणि तुमच्यासाठीच द्या.

तुम्ही लिहिलंय की ल्युपससाठी (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) मायकोफेनोलेट, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, आणि वायसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे, घरात दिरांचं दीड वर्षाचं बाळ आहे आणि कांजण्यांच्या लशीत जिवंत विषाणू असतो म्हणून घरचे ती पुढे ढकलताहेत. ‘तुझ्या काळजीपोटीच’ म्हणे. हेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. दोन बिऱ्हाडं, स्वयंपाक एक. माझा ल्युपस किडनीवर गेला तेव्हा आमच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट बाईंनी (सांध्यांच्या आणि ल्युपससारख्या आजारांच्या डॉक्टर) फाइलच्या पहिल्याच पानावर, घरच्यांना वाचता यावं म्हणून गुजरातीत लिहून दिलं होतं: ‘घरना बधाने अछबडानी रसी आपवी.’ म्हणजे, घरातल्या सगळ्यांना कांजण्यांची लस द्यावी. खाली दोन रेघा मारल्या होत्या. ते पान मोठ्या भाऊजींनी वाचलं आणि बाजूला ठेवलं. कुठल्याशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी वाचलं होतं की जिवंत लस घेतलेलं मूल विषाणू पसरवत फिरतं. ‘हिच्या अंगात जोर नाही, घरात जिवंत विषाणू कशाला आणायचा?’ माझं नाव पुढे करून पुतण्याची लस थांबली. सरकारी यादीत ही लस नाही, खाजगीत पैसे मोजून घ्यावी लागते, त्यामुळे शाळेतूनही कुणी विचारलं नाही.

मग पुतण्या शाळेतून खऱ्या कांजण्या घेऊन आला. कानामागे दोन पाणीदार फोड, दुसऱ्या दिवशी पाठभर. सासूबाईंनी दाराला कडुलिंबाचा पाला बांधला. पुरळ दिसायच्या दोन दिवस आधीपासूनच ते मूल संसर्ग पसरवत असतं, आणि त्या दोन दिवसांत तो माझ्याच ताटात जेवला होता. मला लहानपणी कांजण्या झालेल्या नव्हत्या. दोनेक आठवड्यांनी माझ्या पोटावर पहिला फोड आला, मग डोक्यात, मग तोंडात. पाण्याचा घोट गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. छातीत उतरल्यावर अ‍ॅडमिट केलं, सलाइनमधून अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध दिलं आणि मायकोफेनोलेट बंद करावं लागलं. कांजण्या गेल्या, पण औषध बंद राहिल्यामुळे लघवीतून प्रोटीन पुन्हा जायला लागलं. किडनी ताळ्यावर आणायला त्यानंतर जो काळ गेला, तो भाऊजींच्या हिशेबात आजही नाही. ते अजून म्हणतात, ‘स्टेरॉइडमुळे झालं.’ स्टेरॉइडमुळे आजार वाढला हे खरं आहे. पण विषाणू घरात आला तो लस न दिल्यामुळे.

लशीतला विषाणू हा ओका स्ट्रेन, म्हणजे कांजण्यांच्या विषाणूचा १९७४ साली जपानमध्ये ताकाहाशी या शास्त्रज्ञांनी मुद्दाम कमजोर केलेला प्रकार. तो लस घेतलेल्याकडून घरातल्या दुसऱ्याला लागल्याच्या नोंदी सगळ्या जगात मोजक्या आहेत, आणि त्याही बहुतेक लस घेतलेल्याच्या अंगावर पुरळ उठल्यावरच्या. म्हणजे बाळाला लशीनंतर पुरळ उठलंच, तर ते सुकेपर्यंत तुम्ही लांब राहा, एवढंच. गोवर-रुबेलाची लस तर घरात पसरतच नाही. उलट खऱ्या कांजण्या एका घरात शिरल्या की ज्याला आधी झालेल्या नाहीत तो क्वचितच सुटतो. आपल्यासारख्यांना स्वतःला लस घेता येत नाही तेव्हा आजूबाजूच्यांची लस हाच आपला कोट असतो. तोच पाडायचा आणि वर काळजी म्हणायचं, हे मला कधीच पटणार नाही.

तुम्ही स्वतः घ्यावी का? आत्ता, या औषधांवर, नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे जिवंत लशीसाठी मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, अ‍ॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लशीआधी ४ आठवडे आणि नंतर ४ आठवडे थांबवावी लागतात. रिटुक्सिमॅब हे सलाइनमधून देतात ते औषध घेतलं असेल तर आधीचे ६ महिने. वायसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर विषयच नको. किडनीचा ल्युपस असताना एवढा खंड पाडणं म्हणजे मी भोगलं तेच ओढवून घेणं. नुसतं एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) चालू असणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना बहुतेक वेळा घेता येते. नागिणीवरची शिंग्रिक्स जिवंत नाही, ती चालते, पण ती नागिणीसाठी आहे, कांजण्यांसाठी नाही. फ्लूची इंजेक्शनवाली घ्या, नाकात मारायची नको, ती जिवंत असते.

हे सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. मी पेशंट आहे, डॉक्टर नाही. आणि एक अपवाद मलाही मान्य आहे: पोलिओचे थेंब. त्यातला विषाणू बाळाच्या शीतून बरेच दिवस बाहेर पडतो. बाळाला डोस मिळाला की त्याचे लंगोट दुसऱ्या कुणी बदलावेत, हात साबणाने धुवावेत, आणि तुमची औषधं भारी असतील तर बाळाला इंजेक्शनवाला पोलिओ देता येईल का ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. भाऊजींनी हा मुद्दा काढला असता तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी काढला तो कांजण्यांचा.

कांजण्या झाल्या होत्या की नाही हे आठवत नसेल तर व्हॅरिसेला आयजीजी ही कांजण्यांविरुद्धच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी करून घ्या. अँटिबॉडी नसतील आणि घरात कुणाला फोड दिसले, तर देवीचं सोवळं सांभाळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. संपर्कानंतर १० दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) देता येतं, आणि तुमच्या अंगावर पहिला फोड आल्यावर अ‍ॅसायक्लोव्हिर जितकं लवकर, शक्यतो २४ तासांत, सुरू होईल तितकं बरं. आणि दिरांना हे उत्तर पाठवू नका, समोर बसवून वाचून दाखवा.