पाचावर नेमकं कोण?

तुम्ही लिहिलंय की स्वतःची लिंगओळख मांडताना शून्य म्हणजे पुरुष आणि दहा म्हणजे स्त्री अशा पट्टीवर तुम्ही पाचावर खूण केलीत, आणि तरी ‘हे मी नव्हे’ असं वाटत राहिलं. ते वाटणं खरं माना. खोट त्या पट्टीत आहे.

एकाच पट्टीवर एक बाजू वाढली की दुसरी घटलीच पाहिजे. त्यामुळे स्त्री आणि पुरुष दोन्ही खोलवर जाणवणारी व्यक्ती पाचावर येते, आणि दोन्हींपैकी काहीच न जाणवणारीही पाचावरच. पहिली स्वतःला बायजेंडर म्हणेल, दुसरी एजेंडर. त्यांच्या जगण्यात साम्य फार थोडं.

हा घोळ मानसशास्त्रात होऊन गेलाय. सँड्रा बेम यांनी १९७४ मध्ये ६० स्वभावगुणांची चाचणी केली: २० पुरुषी मानले जाणारे, २० बायकी, २० तटस्थ. दोन मापं वेगळी ठेवली, हे मोठंच पाऊल. पण निकाल काढताना पाहिला तो दोन्हींतला फरक, म्हणून दोन्ही भरपूर असलेले आणि दोन्ही कमी असलेले एकाच गटात पडले. पुढच्याच वर्षी स्पेन्स, हेल्मरिक आणि स्टॅप यांनी यावर बोट ठेवलं. १९७७ मध्ये बेम यांनी वर्गवारी बदलली आणि दोन्ही कमी असलेल्यांचा गट वेगळा केला. त्यांच्याबद्दल मला यासाठी फार आदर आहे. अर्थात ती चाचणी स्वभावाची, ओळखीची नव्हे. कणखर बाई ही बाईच असते.

तेव्हा एकीऐवजी दोन रेघा काढा, एक स्त्रीची, एक पुरुषाची. प्रत्येकीवर शून्यापासून वेगळी खूण करा आणि शेजारी तारीख घाला. महिन्याने पुन्हा करा. खुणा सरकत असतील तर जेंडरफ्लुइड हा शब्द जवळचा वाटेल. दोन्ही शून्यापाशी राहिल्या तर एजेंडर.

सूर्य, चंद्र, तारे अशीही एक मांडणी दिसते: सूर्य पुरुषाकडे झुकणारे, चंद्र स्त्रीकडे, तारे दोन्हींपासून दूर. मराठीत मात्र तो सूर्य, तो चंद्र, तो तारा! आपल्या मनाला ती चटकन पटत नाही, यात नवल नाही.

आणि आकडा नसला म्हणून ओळख कच्ची ठरत नाही. २०१९ चा ट्रान्सजेंडर हक्कांचा कायदा झाला तेव्हा त्याच्या व्याख्येत जेंडरक्वीअर (स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणारी ओळख) हा शब्द होता, आणि जोगताही. जोगत्याची ओळख यल्लम्माच्या सेवेतून येते. ती कुठल्या पट्टीवर मांडणार?