थ्री-पॉइंटर नंतर, आधी रिंगखाली

बास्केटबॉल टीममध्ये पहिल्या वर्षी दोन-चार मिनिटंच खेळायला मिळतात म्हणून हिरमुसू नकोस. कोच नव्या पोराचा शॉट नंतर बघतो, आधी डिफेन्स. पाय हलते ठेवलेस, रिबाउंडला (हुकलेला शॉट परत येताना) नीट बॉक्स-आउट केलंस, म्हणजे समोरच्याला पाठीने अडवून रिंगपासून दूर ठेवलंस, की मिनिटं वाढायला लागतात.

शॉटचं म्हणशील तर थ्री-पॉइंटरचा, म्हणजे लांबून मारायच्या तीन पॉइंटच्या शॉटचा, नाद सध्या सोड. ताकद कमी असताना ६.७५ मीटरवरून बॉल नुसता भिरकावला जातो आणि फॉर्म बिघडतो. रिंगच्या अगदी जवळून, एका हाताने सुरुवात कर. कोपर रिंगच्या रेषेत, बॉल तळव्यावर नाही तर बोटांवर, सोडताना मनगट पूर्ण खाली वळलेलं. दुसरा हात फक्त आधाराला. त्याचा अंगठा बॉलला ढकलत असेल तर बॉल बाजूला जाणारच. सलग पाच पडले की एक पाऊल मागे. कंटाळा येतो, खरंय.

फ्री थ्रो (फाउलनंतर ठरलेल्या रेषेवरून मिळणारा मोकळा शॉट) मात्र स्प्रिंट संपल्या संपल्या, धापा टाकतानाच मार. मॅचमध्ये त्या रेषेवर कुणी ताज्या दमाने उभं राहत नाही. कमजोर हाताने ड्रिबल रोज, नजर वर ठेवून.

फरक दिसायला एखादा सीझन जाईल, कदाचित दोन. तोवर आपले पॉइंट मोजत बसण्यापेक्षा मॅचचा व्हिडिओ बघ, त्यातही बॉल तुझ्याकडे नसताना तू कुठे उभा असतोस ते.